उतारावरचे ऋतू

ऑगस्टच्या अखेरीस सूर्य बरोबर इथिओपियाच्या राजधानीच्या, अदीस अबाबाच्या, डोक्यावर येतो आणि वर्षातल्या सर्वांत गार दुपारी त्याच सुमाराच्या असतात. दोन वाजता स्वेटर चढवावा लागतो. चारच्या सुमारास गारा पडल्या तर अंगण थोडा वेळ पांढरंशुभ्र होऊन जातं. शहर नऊ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे साधारण आपल्या कोल्लमच्या रेषेत. कोल्लममध्ये घामाने अंगाला कपडे चिकटतात, आणि इथे त्याच सूर्याखाली माणसं खांद्यावर जाड सुती पांघरूण घेऊन पावसातून वाट काढतात.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी काही वर्षं इथिओपियात राहिले. साताऱ्याहून आई फोनवर विचारायची, "अगं, आफ्रिकेत राहतेस आणि स्वेटर कसला घालतेस?" मी तिला सांगायचे, "आई, कळसूबाईच्या शिखरावर उभी राहा आणि तिथून आणखी सातशे मीटर वर चढ. तिथे आमचं घर आहे असं समज." कळसूबाई १६४६ मीटर, अदीस अबाबा सुमारे २३५० मीटर. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक जिथे संपतं, साधारण तिथून इथिओपियाचा खरा राहता प्रदेश सुरू होतो. त्या देशातली बहुसंख्य माणसं १५०० मीटरच्या वर राहतात, शेती करतात, बाजार भरवतात. आपल्याकडे उंचीवर जायचं ते देवदर्शनाला, किल्ला बघायला किंवा थंड हवेसाठी दोन दिवस. तिथे उंचीवर संसार आहेत, विद्यापीठं आहेत, राजधानी आहे.

उंचीवर गार का लागतं, हे शाळेत एका ओळीत शिकवतात. तिथे राहिल्यावर मात्र ते रोज अंगावर येतं. सूर्याच्या उन्हाने आधी जमीन तापते आणि जमिनीमुळे हवा. तापलेली हवा वर चढते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते, आणि पसरण्यात तिची उष्णता खर्च होते. हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा अंशांनी उतरतो. कोल्लमची सरासरी २७ अंश धरा, त्यातून अदीसच्या उंचीचे तेरा-चौदा अंश वजा करा. अदीसच्या खऱ्या सरासरीच्या, म्हणजे सुमारे १६ अंशांच्या जवळ येतो आपण. राहिलेला फरक पठाराच्या देणगीचा. एकट्या सुळक्याभोवती मोकळी हवा असते. पठार मात्र शेकडो किलोमीटर रुंद असल्यामुळे स्वतःच तापतं आणि वरच्या हवेला थोडी ऊब देतं. ही ऊब नसती तर त्या उंचीवर एवढी माणसं इतक्या सुखाने नांदली असती का, असं मला नेहमी वाटतं.

त्या विरळ हवेत उन्हाची आणि सावलीची जणू दोन वेगळी गावं असतात. रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने चालताना कपाळ भाजतं. रस्ता ओलांडून सावलीत आलं की हात चोळावेसे वाटतात. ऊन थोपवायला आणि ऊब धरून ठेवायला डोक्यावर हवेचा थरच कमी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आकाश स्वच्छ होतं, तेव्हा दिवसभर जमवलेली उष्णता अंधार पडताच निघून जाते आणि पहाटे दहाच्या खाली उतरलेला पारा दुपारी बाराच्या आत वीसच्या पुढे गेलेला असतो. वर्षभरात महिन्यांच्या सरासरीत तीन-चार अंशांचा फरक, आणि एकाच दिवसात त्याच्या तिप्पट-चौपट! हिवाळा-उन्हाळा हा फेरा तिथे वर्षाचा नसून दिवसाचा आहे. दिवसरात्रही जवळपास सारखे. म्हणूनच तिथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो तो त्यांचा एक. बाराही महिने सूर्य सहाच्या आसपास उगवत असेल तर हा हिशेब अगदी सोयीचा पडतो.

स्वयंपाकघरात उंची सगळ्यात आधी कळते. पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन् तास शिजत राहते आणि तरी दाणा हाताला लागतो. भारतीय कुटुंबांमध्ये नव्याने आलेल्या बाईला पहिला सल्ला मिळायचा तो कुकरच्या वाढीव शिट्ट्यांचा.

पण मला मनापासून सांगायचं आहे ते वेगळंच. आपण ऋतू काळात शोधतो: मृग लागला, हस्त लागला, थंडी पडली. इथिओपियातला शेतकरी ऋतू काळात शोधतोच, पण त्याआधी तो जागेत शोधतो. कुठल्याही माणसाचं गाव विचारलं की तो जिल्ह्याबरोबर हेही सांगतो की गाव कोल्लात आहे, वोयना देगात आहे की देगात. साधारण ५०० ते १५०० मीटरपर्यंतचा उष्ण प्रदेश म्हणजे कोल्ला. तिथून २३००-२४०० पर्यंत वोयना देगा, समशीतोष्ण पट्टा. त्याच्यावर ३२०० पर्यंत देगा, आणि त्याही वर वुर्च, जिथे रात्री दहिवर गोठतं. ५०० मीटरच्या खालचं वाळवंट ते बेरेहा. हे पट्टे हवामानखात्याने आखलेले नाहीत. गुरं, औषधी झाडं, घराचं छप्पर, सगळं या पट्ट्यांनुसार पिढ्यान् पिढ्या ठरत आलं आहे. कोल्लात ज्वारी, मका, शेळ्या आणि उंट. वोयना देगात टेफ, म्हणजे राजगिऱ्याहूनही बारीक दाण्याचं ते धान्य ज्याच्या पिठाची आंबवून इंजेरा नावाची पोळी होते. आणि दक्षिणेत, पश्चिमेत कॉफी. देगात गहू, जव, घेवडा, मेंढ्या.

हे सगळं एकाच दिवसात बघायचं असेल तर दक्षिणेतल्या अर्बा मिंचला जावं. खचदरीच्या तळाशी, सुमारे १३०० मीटरवर हे गाव आहे. बाजूला अबाया आणि चामो ही दोन मोठी सरोवरं. चामोच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, आणि गावाभोवती केळीच्या बागा लांबच लांब. तिथून घाटरस्ता वर चेंचाला जातो. जेमतेम चाळीस किलोमीटरची वाट आणि चढण चौदाशे मीटरची. निघताना गाडीच्या काचा खाली. पहिल्या वळणांवर काटेरी बाभळी. मग मक्याची शेतं. अर्ध्या वाटेवर कुणीतरी काच वर करतं. मग एकाएकी धुकं येतं, बांबूची बेटं येतात, रस्त्याच्या कडेला मुलं लोकरी टोप्या घालून उभी असतात, आणि बाजारात टोपलीत सफरचंदं असतात. मिशनऱ्यांनी आणलेली सफरचंदाची कलमं तिथे रुजली, कारण त्या झाडाला फुलायला जो गारठा लागतो तो चेंचाच्या रात्री वर्षभर पुरवतात. खाली केळी, वर सफरचंद. आपल्याकडे या दोन फळांच्या बागांमध्ये जळगाव ते हिमाचल एवढं अंतर आहे.

चेंचाच्या परिसरात दोर्झे लोक राहतात. त्यांची घरं बांबू विणून केलेली, उंच आणि घुमटासारखी, पुढे सोंडेसारखा पडवीचा भाग. घराच्या आत चूल सतत धुमसत असते आणि गुरं आतच बांधतात, त्यांच्या अंगाची ऊब घराला मिळावी म्हणून. घराभोवती एन्सेटची झाडं. दिसायला थेट केळ, आणि आहेही केळीच्याच कुळातलं, पण फळ खायच्या उपयोगाचं नाही. खोडाचा आणि कंदाचा गर खरवडून तो खड्ड्यात पुरून आंबवतात आणि त्याची कोचो नावाची भाकरी करतात. थोडी आंबूस, चिवट, तिखट चटणीबरोबर फार चांगली लागते. पाऊस हुकला तरी एन्सेट उभं राहतं, म्हणून देगातल्या माणसाला त्याचा भरवसा वाटतो.

आणि हेच दोर्झे सगळ्या देशात विणकर म्हणून ओळखले जातात. कापूस त्यांच्या थंड डोंगरावर पिकत नाही. तो खालच्या उष्ण दरीत पिकतो. बाया सूत काततात, पुरुष मागावर बसतात, आणि गाबी नावाचं जाड पांघरूण तयार होतं, ज्याची गरज वरच्यांनाच असते. कोल्लात पिकलेली ऊब देगात पांघरायची, असा हा व्यवहार. कितीतरी दोर्झे विणकर अदीसला येऊन एन्तोतो डोंगराच्या पायथ्याशी शिरो मेदाच्या वस्तीत राहिले आहेत. मी माझी गाबी तिथेच घेतली. विणणाऱ्या आजोबांनी ती माझ्या खांद्यावर घालून दाखवली, रुंद किनार कुठल्या बाजूला घ्यायची तेही समजावलं, आणि गावाकडच्या थंडीपुढे अदीसची थंडी काहीच नाही असं अगदी गंभीरपणे सांगितलं.

मिठाची गोष्ट याहून मोठी आहे. देशाच्या ईशान्येला दनाकिलचा खोलगट भाग आहे, समुद्रसपाटीच्याही शंभर मीटरहून अधिक खाली. तिथल्या दल्लोल या जागी १९६० ते १९६६ दरम्यान घेतलेल्या नोंदींत वर्षाचं सरासरी तापमान ३४ अंशांच्या वर भरलं. दिवस-रात्र आणि बारा महिने सगळं मिळून! एकेकाळी तांबड्या समुद्राचं पाणी तिथे शिरलं, आटलं, आणि मिठाचे थर मागे राहिले. अफार लोक त्या मिठाच्या लाद्या कापतात. उंटांचे तांडे त्या लाद्या घेऊन दिवसेंदिवस चढत मेकेलेच्या पठारावर यायचे, दोन हजार मीटरच्या वर. या लाद्या, आमोले, पठारावर शतकानुशतकं नाणं म्हणून चालल्या. आता रस्ता झाला, ट्रक आले, तांडे विरळ झाले. पण तळ आणि माथा यांचं एकमेकांवाचून चालत नाही, ही त्या देशाची जुनी बांधणी आहे. उताराच्या प्रत्येक पायरीकडे असं काहीतरी आहे जे वरच्या किंवा खालच्या पायरीकडे नाही, आणि बाजार भरतात ते बहुतेक या पायऱ्यांच्या सांध्यावर.

आता काळातले ऋतू. जून ते सप्टेंबर क्रेम्त, मोठा पाऊस. ऑक्टोबर ते जानेवारी बेगा, कोरडे दिवस. फेब्रुवारी ते मे बेल्ग, छोटा पाऊस. क्रेम्तमध्ये सकाळ बहुतेक उघडी असते, दुपारपर्यंत ढग जमतात आणि मग कोसळतो. तो कोकणातल्या पावसासारखा उबदार नसतो. हवेतली गोठणरेषा, म्हणजे जिच्यावर पाणी गोठतं ती उंची, उष्ण कटिबंधात पावणेपाच किलोमीटरच्या आसपास असते. अदीसची जमीनच सव्वादोन किलोमीटरच्या वर, त्यामुळे ढगातून सुटलेल्या गारेला वितळायला निम्मंच अंतर मिळतं. शाळांना मोठी सुट्टी याच पावसात. आपण मुलांना उन्हाळ्यात मामाच्या गावाला पाठवतो, तिथे मुलं पावसाळ्यात घरी असतात.

सगळ्या देशाला एकच मापही लागू नाही. नैऋत्येच्या डोंगरांवर, जिथे जंगलात कॉफी आपोआप उगवते, तिथे वर्षातले आठ-नऊ महिने पाऊस असतो. केनियाच्या सीमेकडच्या बोरेना भागात क्रेम्त हा चक्क कोरडा काळ. त्यांचा पाऊस मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. डोंगर कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे, वारा त्याला समोरून भिडतो की पाठीमागून उतरतो, यावर पावसाचं पान बदलतं.

क्रेम्त संपता संपता, ११ सप्टेंबरला त्यांचं नवीन वर्ष लागतं. त्या आठवड्यात डोंगर पिवळे होतात. आदे अबेबा नावाचं रानफूल उघड्या माळांवर मैलोन् मैल फुलतं, मुली पांढऱ्या कपड्यांत दारोदार गाणी म्हणत येतात आणि या फुलांचे गुच्छ हातात देतात. त्याच दिवसांत कासच्या पठारावर, रतनगडाच्या वाटेवर सोनकी फुललेली असते. सोनकी आणि आदे अबेबा एकाच कुळातली, सूर्यफुलाच्या. आणि त्याच कुळातलं तिसरं पिवळं फूल शेतांत थोडं मागाहून फुलतं: नूग. हे आपलं कारळं. नाशिकच्या सुरगाणा-पेठकडे डोंगरउतारावर खुरासणी म्हणून जे पिकतं, ज्याची काळी चटणी आपण भाकरीबरोबर खातो, ते मूळचं इथिओपियाच्या पठारावरचं. तिथे त्याचं तेल काढतात. उपवासाच्या दिवसांत मांस, दूध, लोणी वर्ज्य असतं, आणि तिथल्या ख्रिस्ती पंचांगात असे दिवस फार, तेव्हा घरोघरी नूगचं तेल लागतं. आमच्या घरमालकीणबाईंना मी कारळ्याची चटणी करून दिली, तेव्हा त्यांनी आधी वास घेतला आणि लगेच ओळखलं. नाचणीचं मूळही पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातच मानतात. सह्याद्रीच्या उतारावर ही पिकं इतकी सहज रुजली याचं मला आता नवल वाटत नाही. दोन्हीकडे उतार, दोन्हीकडे जून ते सप्टेंबरचा पाऊस.

पावसाचं नातं तर याहून घट्ट आहे. जूनमध्ये दक्षिणेकडून विषुववृत्त ओलांडून येणारे वारे पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांना अडतात, त्यांच्या कडेने वळतात आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून जोराने अरबी समुद्रात निघतात. १९६० च्या दशकात जे. फिंडलेटर यांनी या प्रवाहाचं सविस्तर वर्णन केलं. हीच हवा पुढे समुद्रावरची वाफ घेऊन आपल्या सह्याद्रीला धडकते. केनिया-इथिओपियाची पठारं नसती तर हा झोत इतका अरुंद आणि वेगवान झाला नसता. उलट दिशेनेही देणं आहे: भारतावरून खूप उंचावर वाहणारा पूर्वेकडचा वारा आफ्रिकेपर्यंत पोचतो आणि क्रेम्तच्या पावसाला हातभार लावतो.

म्हणूनच आपली वाईट वर्षं पुष्कळदा त्यांचीही वाईट असतात. पॅसिफिकमध्ये एल निन्यो जोर धरतो तेव्हा दोन्हीकडचा पाऊस खचतो. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात अजून घराघरांत आठवला जातो: खडी फोडणाऱ्या बाया, सुकडी, मिलो. त्याच वर्षी इथिओपियाच्या वोल्लो प्रांतात पाऊस फसला आणि तिथे माणसं मोठ्या संख्येने मेली. सरकारने ते लपवलं. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये सम्राट हैले सेलासी पदच्युत झाले, त्यामागच्या कारणांत हा दुष्काळ होता. २०१५ च्या एल निन्योनंतर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि तिकडे सुमारे एक कोटी लोकांना अन्नाची मदत लागली. या दोन दुःखांची मुळं एकाच पाण्यात आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे असं मला वाटतं.

उंचीने त्या लोकांना आणखी एक मोठं संरक्षण दिलं होतं. साधारण दोन हजार मीटरच्या वर मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात नीट वाढत नाही, कारण त्याला ऊब अपुरी पडते. पूर्वी कोल्लातल्या सुपीक जमिनीत राबायला गेलेले शेतकरी झोपायला पुन्हा वर चढत, ते याच भीतीने. पण ही रेषा पक्की नाही. १९५८ साली साथ १६०० मीटरच्या वर चढली. अंदाजे दीड लाख माणसं गेली, कारण वरच्या लोकांच्या अंगात या तापाशी लढायची सवयच नव्हती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथिओपिया आणि कोलंबियाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जास्त गरम वर्षांत रुग्ण जास्त उंचीवर सापडत असल्याचं दिसलं.

आता सगळेच पट्टे वर सरकत आहेत. रात्री पूर्वीइतक्या गार राहिलेल्या नाहीत. कॉफीला मानवणारी उंची वर चढते आहे. जवाच्या शेतांत गहू आला. नांगर डोंगरावर आणखी वर गेला तसा इथिओपियन लांडगा, जो जगात फक्त याच पठारांच्या माथ्यांवर राहतो, आणखी आक्रसला; पाचशेच्या आसपासच उरले असावेत, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त बालेच्या डोंगरांत, चार हजार मीटरवरच्या सानेत्ती पठारावर आणि भोवताली.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र बेल्गवर जगणाऱ्या गावांची. उत्तर शोआ आणि वोल्लोच्या देगात, तीन हजार मीटरच्या आसपास, मोठा पाऊस असूनही फार उपयोगाचा नाही. क्रेम्तमध्ये तिथली काळी जमीन पाण्याने चिबडते, आणि पीक उशिरा निसवलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचं दहिवर दाणा भरण्याआधीच त्याला जाळतं. म्हणून ही माणसं फेब्रुवारी-मार्चच्या छोट्या पावसावर जव पेरतात आणि क्रेम्त भरात यायच्या आत काढतात. गेल्या काही दशकांत हाच छोटा पाऊस बेभरवशाचा झाला आहे. कधी मार्च कोरडा जातो, कधी पेरणीनंतर तीन आठवडे थेंब नाही. तशा वर्षी मेंढ्या विकायला ही माणसं खालच्या बाजारात उतरतात. त्या दिवशी सगळ्याच वरच्या गावांच्या मेंढ्या तिथे आलेल्या असतात, त्यामुळे भाव पडतो, आणि वोयना देगातलं धान्य मात्र चढ्या दराने वर न्यावं लागतं. बेल्ग चुकल्याची बातमी राजधानीत फारशी कुणाला लागत नाही, कारण अदीसमध्ये क्रेम्त वेळेवर आलेला असतो.